स्कूटरचा फटाका

परवा संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. गल्लीच्या तोंडाशी एवढा जोराचा बार झाला की समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. शेजारच्या वहिनी आतूनच ओरडल्या, "दिवाळीला अजून दीड महिना आहे, आत्तापासून कोण फटाके उडवतंय हो?" मी न बघताच म्हटलं, "फटाका नाही वहिनी, जुनी स्कूटर आहे."

आणि खरंच, दोन मिनिटांनी विशीबाविशीचा एक मुलगा जुनी चेतक ढकलत आला. आजोबांची स्कूटर, माळ्याखाली पडून होती, हौसेनं रंगवून काढलेली. पण रस्त्यावर आणली की फटाफट बार मारते आणि बंद पडते. तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकानं प्लग बदलला, दुसऱ्यानं कार्बोरेटर, तिसऱ्यानं तर सरळ सांगितलं, भंगारात घाल.

मी त्याला तीन प्रश्न विचारले. गार असताना होतं की गरम झाल्यावर? सरळ जाताना होतं की वळताना? बार मागून सायलेन्सरमधून येतो की पुढून कार्बोरेटरमधून? त्याला एकाचंही उत्तर देता येईना. त्यात त्याची चूक नाही, हे प्रश्न त्याला कुणी विचारलेच नव्हते. आणि खरं सांगायचं तर हे प्रश्न माझेही नाहीत. ते ज्या माणसाचे आहेत त्याचं मी एक देणं लागतो. म्हणून आज हे लिहायला बसलो. पण आमच्या जन्माची सवय अशी की कुठलीही गोष्ट सांगायची तर मागून सुरुवात करायची. इतिहासाच्या मास्तरला तेवढी सूट द्या.

स्कूटर सुरू होते ती एका ठिणगीनं. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं गेलं की नेमक्या क्षणी प्लगच्या टोकाशी ठिणगी पडली पाहिजे. ही ठिणगी म्हणजे लहानशी वीजच, हजारो व्होल्टची. आता दहा-वीस व्होल्टाच्या आतबाहेरच्या प्रवाहातून हजारो व्होल्ट काढायचे कसे? याचं मूळ १८३१ साली फॅरेडेनं लावलेल्या विद्युतप्रवर्तनाच्या शोधात आहे. पुढे पॅरिसमध्ये रूमकॉर्फ नावाच्या एका जर्मन कारागिरानं या तत्त्वावर वेटोळ्यावर वेटोळं गुंडाळून यंत्र बनवलं. आतल्या जाड तारेतला प्रवाह एकदम तोडायचा, की बाहेरच्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत प्रचंड दाब तयार होतो आणि ठिणगी उडते. सगळी मेख त्या 'एकदम' शब्दात आहे. प्रवाह रेंगाळत तुटला तर ठिणगी अशक्त.

आणि प्रवाह सहजासहजी तुटत नाही. दोन टोकं अलग केली तरी तो मधल्या फटीतून उडी मारून जायला बघतो. टोकं जळतात आणि जी ताकद बाहेरच्या तारेत जायची ती तिथेच फुकट जाते. यावर १८५३ साली उपाय काढला तो फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञानं. प्रकाशाचा वेग जमिनीवरच्या प्रयोगानं मोजणारा तोच हा फिझो (ते १८४९ साली). त्यानं त्या तुटणाऱ्या टोकांना जोडून एक कंडेन्सर बसवला. उडी मारू पाहणारा प्रवाह क्षणभर या कंडेन्सरमध्ये शिरतो, टोकांमध्ये जाळ होत नाही आणि प्रवाह झटक्यात तुटतो. एवढीशी युक्ती! १८६० साली लेन्वारनं पॅरिसमध्ये गॅसवर चालणारं इंजिन केलं तेव्हा ठिणगीसाठी त्यानं रूमकॉर्फचंच वेटोळं वापरलं. पुढे बॉशच्या कारखान्यात १९०२ साली होनोल्ड या अभियंत्यानं बॅटरीशिवाय, नुसत्या चुंबकाच्या जोरावर प्लगला ठिणगी देणारा मॅग्नेटो बनवला. बॅटरी नको, इंजिन फिरलं की वीज आपोआप तयार.

आता स्कूटर. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या पॉन्तेदेरा इथला पियाज्यो कंपनीचा विमानांचा कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला. युद्ध संपल्यावर विमानं कोण घेणार? एनरिको पियाज्योनं स्वस्त दुचाकी काढायचं ठरवलं आणि काम दिलं कोर्रादिनो दास्कानियो या विमानांच्या अभियंत्याला. हा गृहस्थ त्याआधी हेलिकॉप्टर करून बसलेला, आणि मोटरसायकल त्याला मनापासून आवडत नसे. चेनचं तेल कपड्यांना लागतं, पंक्चर काढायला चाक निघता निघत नाही. म्हणून त्यानं चेनच काढून टाकली, इंजिन थेट मागच्या चाकाला जोडलं, चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूनं धरलं, गिअर हँडलवर आणले. २३ एप्रिल १९४६ रोजी या व्हेस्पाच्या पेटंटचा अर्ज दाखल झाला. व्हेस्पा म्हणजे इटालियन भाषेत गांधीलमाशी. मागून फुगीर आणि कमरेत बारीक. नाव चपखल आहे.

मला या यंत्रात सगळ्यात आवडतं ते त्याचं मॅग्नेटोचं चाक. इंजिनाच्या दांड्याच्या टोकाला बसवलेलं हे एकच चाक तीन कामं करतं. त्याच्या वजनानं इंजिन एकसारखं फिरतं. त्याच्या पात्यांनी वारा घातला जातो आणि झाकणाआडचं सिलिंडर थंड राहतं. आणि त्याच्या पोटातल्या चुंबकांनी ठिणगीची आणि दिव्यांची वीज तयार होते. चाकाच्या आत, न फिरणाऱ्या थाळीवर कॉइली, ते 'पॉइंट' (आमच्याकडे सगळे 'प्लॅटिनम' म्हणायचे) आणि शेजारी अंगठ्याएवढा तो फिझोचा कंडेन्सर.

ही व्हेस्पा आपल्याकडे आली ती बजाजांच्या बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत, १९४८ पासून, बाहेरून आणून विकायला. मुंबईत एपीआय कंपनी लॅम्ब्रेटा जोडत होती. १९५९ साली बजाजांना उत्पादनाचा परवाना मिळाला आणि पियाज्योशी करार होऊन साठच्या दशकात आकुर्डीला व्हेस्पा बनू लागली. १९७१ साली तो करार संपला, पुढच्या वर्षी राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक आली. आणि १९७५ साली राज्य सरकारच्या महामंडळानं आणि बजाजनं मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली, तिचा कारखाना आमच्या साताऱ्यात. तिथे 'प्रिया' बनायची. साताऱ्यात तेव्हा असं घर क्वचितच असेल ज्याचा कुणी ना कुणी 'स्कूटर'मध्ये नव्हता. 'पोरगा काय करतो?' 'स्कूटरमध्ये आहे.' बास, पुढे काही विचारायची गरज नसे.

पण गावात कारखाना असला म्हणून गावकऱ्याला स्कूटर मिळत नव्हती! किती स्कूटरी बनवायच्या ते सरकार ठरवायचं, घेणारे त्याच्या कितीतरी पट. नंबर लावायचा आणि वाट बघायची. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला लवकर मिळे, म्हणून ज्याचा मेहुणा आखातात तो भाग्यवान. बाकीच्यांनी नंबर लावल्याची पावती जपून ठेवायची. लग्नाच्या बैठकीत मुलाच्या नोकरीबरोबर 'स्कूटरचा नंबर लागत आलाय' हेही सांगितलं जाई. आजच्या मुलांना हे खरं वाटत नाही. मी १९७७ साली नंबर लावला, नोकरीत कायम झालो त्या वर्षी. स्कूटर हातात आली १९८४ साली. मधल्या सात वर्षांत लग्न झालं, दोन मुलं झाली, वडील गेले. वडिलांना मागे बसवून यवतेश्वरला न्यायचं होतं, ते राहिलंच.

आता या स्कूटरच्या विजेच्या तऱ्हा. माझ्या प्रियाला बॅटरी नव्हती. दिवे थेट मॅग्नेटोवर, सहा व्होल्टचे. इंजिन जोरात फिरलं की दिवा लख्ख, हळू फिरलं की काजवा. चौकात थांबलात की अंधार. रात्री यवतेश्वरचा घाट उतरताना मी गिअर खाली टाकून इंजिन मुद्दाम ओरडवत न्यायचो, रस्ता दिसावा म्हणून. हॉर्नचंही तेच, उभ्या गाडीत दाबला तर म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखा. आणि एक गंमत, मागचा लाल बल्ब गेला की थोड्याच दिवसांत पुढचाही जायचा. लोक म्हणत बल्ब बोगस आहेत. खरं कारण असं की मॅग्नेटोतून निघणारी वीज सगळ्या दिव्यांत वाटली जाईल असा हिशोब केलेला. एक दिवा गेला की त्याच्या वाट्याचा दाब दुसऱ्यावर येतो आणि तो जळतो. म्हणून पुढचा बल्ब घ्यायला गेलात तर आधी मागचा बघायचा. हे मला दुकानदारानं सांगितलं नाही, त्याला दोन बल्ब विकायचे होते.

ते सांगितलं मिस्त्रींनी.

मिस्त्रींचं नाव मी इथे लिहीत नाही. गोडोलीच्या बाजूला एका चिंचेखाली त्यांचं पत्र्याचं खोपटं होतं. वय तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास, शिक्षण चौथी. हत्यारं एका रॉकेलच्या डब्यात. स्कूटर आणली की हा माणूस आधी हातच लावायचा नाही. बिडी पेटवायची आणि प्रश्न विचारायचे. "काय सर, गार असताना मरतीय का तापल्यावर?" "नीट रस्त्याला का वळणावर?" "बार मागनं येतोय का पुढनं?" "पाऊस झाल्यावर का कोरडंच?" लोक वैतागायचे, स्कूटर बघायची सोडून हा काय पोलिसासारखा विचारतो! पण त्या बिडीपुरत्या वेळात निम्मं निदान झालेलं असे.

मग प्लग काढायचा आणि उन्हात धरून बघायचा. टोक चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचं असेल तर तब्येत ठीक. काळं, ओलं असेल तर तेल जास्त, किंवा ठिणगीच पडत नाही. पांढरं पडलं असेल तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त, कुठेतरी जोडातून हवा खेचतेय. मग तोच प्लग वायरला लावून इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचा आणि किक मारायची. ठिणगी निळी आणि चट्‌ आवाजाची हवी. पिवळी, मऊ असेल तर ती बाहेर दिसली तरी आत दाबाखाली पडत नाही. बरेच लोक इथेच फसतात, ठिणगी दिसली म्हणजे वीज ठीक समजून कार्बोरेटर खोलायला घेतात.

बार का होतो तेही त्यांनीच समजावलं होतं. एखादी ठिणगी चुकली की सिलिंडरमधलं मिश्रण न जळताच तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाऊन बसतं. पुढची ठिणगी पडली की तिचा जाळ मागे जाऊन त्या साठलेल्या मिश्रणाला लागतो, आणि धडाम! म्हणजे मागून येणारा बार बहुतेक वेळा अधूनमधून चुकणाऱ्या ठिणगीची तक्रार असते. सायलेन्सरचा जोड गळका असेल तरी आत हवा शिरून तसेच बार होतात, पण ते मूठ सोडल्यावर, उतारावर. कार्बोरेटरमधून पुढे येणारा बार वेगळा. तिथे ठिणगी वेळेच्या आधी पडत असते किंवा मिश्रण फारच पातळ असतं. मॅग्नेटोच्या चाकाला दांड्यावर जागच्या जागी ठेवणारी अर्धचंद्रासारखी एक चिमुकली चावी असते. ती चिरडली की चाक सरकतं, ठिणगीची वेळच बदलते आणि किक उलटी येऊन नडगी फोडते.

तर १९८७ चा जून. माझी प्रिया तापली की बार मारायला लागली. गार असताना सुरळीत, पोवई नाक्यापर्यंत गेली की फट्‌ फट्‌, आणि बंद. अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू. मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बिडी संपवली, चाकाच्या खिडकीतून पॉइंटकडे बघितलं आणि म्हणाले, "कंडेन्सर." पॉइंटची टोकं निळसर जळली होती, एकावर खड्डा, दुसऱ्यावर टेकडी. गार असताना कंडेन्सर काम करतो, तापला की आतून गळतो, मग पॉइंटमध्ये जाळ होतो आणि ठिणगी मरते. त्यांनी चाक काढलं, नवा कंडेन्सर आणि नवे पॉइंट बसवले. सिगरेटच्या पाकिटातला चांदीचा कागद पॉइंटमध्ये धरून हलक्या हातानं ओढत, चाक सावकाश फिरवत, ज्या क्षणी कागद सुटतो तिथे खूण जुळवली. घड्याळजीची बोटं होती त्यांची. पैसे घेतले आणि म्हणाले, "जुना माल पुडीत बांधून डिकीत टाकलाय सर."

चार दिवस स्कूटर झकास चालली. पाचव्या दिवशी शाळेच्या फाटकातून आत वळताना फट्‌ आणि बंद. पुन्हा सुरू झाली. संध्याकाळी घराच्या वळणावर पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी दोनदा.

मी सरळ चिंचेखाली गेलो. तिथे पाच-सहा गिऱ्हाइकं उभी होती, त्यात आमच्याच शाळेतले दोन शिक्षक. मी मोठ्या आवाजात म्हटलं, "मिस्त्री, नवा कंडेन्सर बसवलाच नाहीत. जुनाच घासून लावलात आणि पैसे नव्याचे घेतलेत." मिस्त्री उभे राहिले. म्हणाले, "सर, जुना तुमच्या डिकीत हाय. काढून बघा." मी डिकी उघडली नाही. 'मला शिकवू नका' असं काहीतरी बोललो आणि किक मारून निघालो. सुरू झाली, हे त्यातलं दुर्दैव. बंद पडली असती तर कदाचित तिथेच उलगडा झाला असता.

दुसऱ्या गॅरेजात गेलो. तिथे एचटी कॉइल बदलली, प्लगची वायर बदलली, कार्बोरेटर धुतला, सायलेन्सर जाळून साफ केला. महिन्याच्या पगारातला चांगला लचका गेला. स्कूटर वळणावर बंद पडतच राहिली. 'वळणावर' हा शब्द मी आज लिहितोय. तेव्हा मला तो दिसलाच नव्हता. मी धरून बसलो होतो की आजार तोच जुना, म्हणजे कारण तेच जुनं, म्हणजे मिस्त्री लबाड.

आणि मी वर्गात शिकवत काय होतो? सत्तावन्नच्या उठावाची कारणं! फळ्यावर दोन रकाने आखायचे. काडतुसं हे तात्कालिक कारण. आणि मूळ कारणं अनेक, त्यात संस्थानं खालसा करण्याचं धोरण, ज्याची सुरुवात १८४८ साली आपल्याच साताऱ्यापासून झाली. मुलांना दटावून सांगायचो, एका कारणावर थांबणाऱ्याला मार्क मिळणार नाहीत. स्वतःच्या स्कूटरच्या बाबतीत मात्र मी एका कारणावर थांबलो, आणि तेही कारण नव्हे, आरोप.

उलगडा झाला तो ऑगस्टमध्ये. दिवे गेले होते, रात्री साडेनऊचा सुमार. स्कूटर बोळातून आत घ्यायची म्हणून हँडल पूर्ण डावीकडे वळवलं. इंजिन फट्‌ करून अडखळलं आणि त्याच क्षणी हँडलच्या खालच्या फटीत मला बारीक निळी ठिणगी दिसली. अंधार नसता तर दिसली नसती. पुन्हा सुरू केली, पुन्हा डावीकडे वळवलं, पुन्हा ठिणगी, पुन्हा बंद. उजवीकडे काही नाही.

या स्कूटरी बंद कशा होतात ते सांगायला हवं. बॅटरी नाही, तेव्हा वीज तोडायची सोय नाही. हँडलवरचं बटण दाबलं की मॅग्नेटोकडून आलेली एक वायर सांगाड्याला टेकते, पॉइंटची वीज जमिनीला जाते आणि ठिणगी बंद पडते. आता हीच वायर हँडलच्या गळ्यातून जाताना घासली, तिचं प्लास्टिक गेलं आणि तांबं उघडं पडलं तर? हँडल वळलं की वायर पत्र्याला टेकणार आणि बटण न दाबताच इंजिन बंद होणार. खडबडीत रस्त्यावर क्षणभर टेकली आणि सुटली की ठिणगी चुकणार, आणि मागून बार. निदान करणं अगदी सोपं आहे: ती एक वायर मॅग्नेटोच्या बाजूला सोडवून ठेवायची. दुखणं थांबलं तर दोष वायरीत, नाही थांबलं तर मॅग्नेटोत. हे मला पुढे मिस्त्रींनीच सांगितलं. मी त्या रात्री मात्र पक्कडीनं ओढाताण करून वायर बाहेर काढली आणि तिला चिकटपट्टी गुंडाळली. खर्च शून्य.

म्हणजे दुखणी दोन होती. कंडेन्सर खरंच गेला होता आणि मिस्त्रींनी तो खरंच बदलला होता. वायर घासायला कधी लागली कोण जाणे. कदाचित आधीपासूनच, पण पहिल्या दुखण्याच्या गोंगाटात दुसरं ऐकू येत नव्हतं.

चिकटपट्टी ठेवायला डिकी उघडली. कोपऱ्यात, पुसायच्या फडक्याखाली, 'ऐक्य'च्या कागदाची पुडी. आत दोन जळके पॉइंट आणि एक कंडेन्सर.

लगेच जायला हवं होतं. गेलो नाही. उद्या जाऊ, रविवारी जाऊ, गणपती झाल्यावर जाऊ. सौ.ला सगळं सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "ओरडायला बरे लगेच गेला होता." दसऱ्याच्या आदल्या दिवशी गेलो. खोपट्यासमोर एकही गाडी नव्हती. मिस्त्री एकटेच, वर्तमानपत्र वाचत बसलेले. मी पुडी त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, "मिस्त्री, चूक माझी होती. वायर घासली होती."

मी बरंच काही बोलायचं ठरवून गेलो होतो. ते राहिलंच. कारण मिस्त्रींनी पुडीकडे बघितलंसुद्धा नाही. पहिला प्रश्न आला, "कुठं घासली हुती?" हँडलच्या गळ्यात, म्हटलं. "डावीकडं वळताना?" हो. ते उठले, माझ्या स्कूटरचं हँडल दोन्हीकडे वळवून बघितलं, आत बोट घालून चाचपलं, चिकटपट्टी काढून टाकली आणि वायरवर प्लास्टिकची नळी चढवली. मग म्हणाले, "च्यायला, मी त्या दिवशी नीट रस्त्यालाच चक्कर मारून बघितली. वळवून बघायचं ध्यानातच न्हाई आलं. चूक माझी बी हाय."

त्यांची काही चूक नव्हती. त्या दिवशीचं दुखणं त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

निघताना मी पैसे विचारले तर नको म्हणाले. मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "तुमच्या शाळंची मंडळी आता येत न्हाईत सर. मास्तर बोललं म्हंजी खरंच आसंल आसं वाटतं मान्सांना." तक्रारीचा सूर नव्हता. बार मागून येतोय एवढं सांगावं, तसं.

दसऱ्याच्या सुटीनंतर मी शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुटीत उभं राहून सगळी हकिकत सांगितली, पुडीसकट. दोघेजण परत मिस्त्रींकडे जाऊ लागले. एकानं शेवटपर्यंत मनातली अढी सोडली नाही. "तुम्ही भोळे आहात," मला म्हणायचा. बदनामी एका वाक्यात होते, आणि ती पुसायला मी पुढची दोन-तीन वर्षं ज्याला त्याला मिस्त्रींचं नाव सांगत फिरलो. किती पुसली गेली हे मोजायची सोय नाही.

पुढे पॉइंट आणि कंडेन्सरच गेले. नव्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं, सीडीआय नावाची बंद डबी. तिच्यात न घासायला काही, न जळायला. चालते तोवर उत्तम चालते, गेली की फेकायची आणि दुसरी लावायची. मिस्त्रींना ती डबी आवडत नसे. "हिला काय इचारायचं?" म्हणायचे. धुराचे नियम कडक होत गेले, दोन स्ट्रोकचे दिवस भरले, आणि २००९ साली बजाजनं स्कूटर सोडून द्यायचं जाहीर केलं. पुढे २०२० साली चेतक परत आली ती विजेवर चालणारी; तिला ठिणगी नाही, सायलेन्सर नाही, बार मारायचा प्रश्नच नाही. साताऱ्याच्या त्या कारखान्यात आता स्कूटर बनत नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा चिंच आणि खोपटं दोन्ही गेलं. मिस्त्री त्याआधीच थकून गावी गेले होते, आणि तिथेच वारले. मला दीड महिन्यानं कळलं.

असो. त्या मुलाचं राहिलं. मी त्याला सांगितलं, मॅग्नेटोजवळ ती वायर सोडव आणि चक्कर मारून ये. मला खात्री होती की वळणाचंच दुखणं असणार. तो चक्कर मारून आला, बार होतेच! मग मी गप्प बसलो आणि त्यालाच विचारलं, नेमकं कधी होतं ते आता लक्ष ठेवून सांग. दोन दिवसांनी तो वहीत लिहून घेऊन आला: मूठ सोडल्यावर, उतारावर, नेहमी मागून. सायलेन्सरच्या जोडाला हात धरून बघितला तर फसाफस वारा. बंद पडण्याचं कारण वेगळंच निघालं, पेट्रोलच्या तोटीत गंजाचा कचरा. टाकी वर्षानुवर्षं रिकामी पडली होती ना. तोटी साफ करून झाली आहे. सायलेन्सरचं गॅस्केट इथे मिळेना, पुण्याहून मागवलंय. रविवारी बसवायचं आहे.